मावशीची कैची

"पाठ दाखव वं." दुकानात पाय ठेवला की मावशीचं पहिलं वाक्य हेच. ख्यालीखुशाली नंतर. "समोरून साऱ्याच ऐटीत राह्यतात. अंग कळते ते पाठीवरून."

जानेफळात आमच्या शेजारी ती ब्लाऊज शिवायची. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल; पण आपल्या कैचीचा एवढा तोरा मी दुसरीकडे पाहिला नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात स्मॅश मारायची. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली आणि हातातला जोरच गेला. दुखत तर काहीच नव्हतं! सर म्हणाले, "आळस आहे. रोज शंभर सर्व्हिस मार." मी मुकाट्यानं मारत राहिले. जोर आणखी कमी झाला.

त्यातच दादाचं लग्न. नवा ब्लाऊज घालून पाहिला, तर पाठीवर उजवीकडे झोळ. मावशीनं उसवून पुन्हा शिवला. पुन्हा झोळ.

"माही कैची चुकली का वं?" ती पुटपुटली आणि माझ्या खांद्यामागे अंगठा टेकवला. तिचा चेहराच उतरला. "इथचं मास कुठं गेलं पोरी?"

"दुखत नाही गं मावशी. टाका मार आणि दे."

"नाही देत. झोळ झाकला का तू इसरून जाशीन. आधी डॉक्टरले दाखव." ब्लाऊज कपाटात, कपाटाला कुलूप. काय संताप आला होता मला!

नाइलाजानं बुलढाण्याला गेले. तपासण्या झाल्या. खांद्याच्या फऱ्याच्या अरुंद खाचेतून एक नस जाते. सतत हात उगारून मारणाऱ्या खेळाडूंची ती कधी कधी दाबली जाते. माझ्या नसेवर पाण्याची गाठ बसली होती, त्यामुळे मागचा स्नायू वाळत चालला होता. वर त्या शंभर सर्व्हिस!

"हात जाईल का?" मी विचारलं.

"नाही. वेळेत आलात, भरून येईल," डॉक्टर म्हणाले. मी तिथंच ढसाढसा रडले, इतकं हायसं वाटलं.

गाठीतलं पाणी काढलं. खेळ बंद, निवड हुकली. मावशीनं मग कुठं कुलूप उघडलं. झोळावर टीप मारली, पण जास्तीचं कापड कापलं नाही, आतच ठेवलं. "तू भरशीन तवा लागंन."

पुढच्या वर्षी तोच ब्लाऊज उजवीकडे काचू लागला. मी पळतच तिच्याकडे गेले. तिनं अंगठा टेकवला. "भरलं वं!" म्हणाली आणि ब्लेडनं ती टीप उसवून टाकली. त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात माझं नाव लागलं.

मावशी यंदा गेली. परवा तो ब्लाऊज बाही सैल करायला नव्या शिलाईवालीकडे नेला. पाठीवरची सुईची भोकं पाहून ती म्हणाली, "आधीच्या बाईचं चुकलं होतं वाटते."

"नाही हो," मी म्हटलं, "तिची कैची कधीच चुकली नाही."