घंटी आधी कुणी वाजवायची

केदारखेड्यात गोजरबाईइतकी ताठ बाई दुसरी नव्हती. नवरा गेला, गुडघे गेले, पण मोडेन पण वाकणार नाही हा बाणा काही गेला नाही. तिचा जीव की प्राण एकच, धाकटी जाऊ दुर्गाबाई. वाटण्या झाल्या तेव्हा भावाभावांनी तोंडं फिरवली, पण या दोघी रोज दुपारी एकाच सुपात डाळ निवडत बसायच्या. दुर्गाबाई गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायची. गोजरबाई मात्र कधी तिच्याकडं गेली नाही. थोरलीनं कशाला जायचं?

मंग दुर्गाबाईचेही गुडघे धरले अन् येणं बंद झालं. गोजरबाई भिंतीशी बोलायला लागली. तिचा लेक साहेबराव विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, हातात कसब होतं. त्याला मायची ही गत बघवेना. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यानं पत्र्यांवरून तार ओढली अन् दोघींच्या खाटेला एकेक बटण, डोक्यावर एकेक घंटी लावून दिली. टॉर्चच्या सेलवर चालणारी, म्हणजे लाईट गेली तरी फिकीर नाही. करमेना झालं की बटण दाबायचं, तिकडं घंटी वाजंल. ऐकणारीनं उलट दाबायचं, इतकं सोपं.

पण घंटी काही वाजेना. साहेबरावनं सेल बदलले, तार तपासली, सगळं बराबर होतं. शेवटी वैतागून तो मायला म्हणाला, तूच दाब की एकदा.

"मी थोरली हाय," गोजरबाई म्हणाली. विषय संपला. धाकटीनं आधी खबर घ्यायची, ही रीत. वरून असं बोलली खरी, पण आतून नुसती जळत होती. दुर्गीला आपली सय उरली नाही, हे तिच्या मनानं पक्कं धरलं.

कापूस वेचणीचे दिवस. साहेबराव तांब्याची तार आणायला जालन्याला गेल्ता, सून रानात, गल्लीत चिटपाखरू नाही. गोजरबाई पाणी प्यायला उठली अन् ओल्या फरशीवरून पाय सटकला. कमरेत अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. कोण ऐकतं?

कोपरांवर रेटत ती खाटेपाशी आली. लोंबणारी तार ओढून बटण मुठीत घेतलं, त्यावर अंगठा ठेवला, अन् थांबली. बघा आता, जीव जायची वेळ, तरी मेला मान आडवा आला! दुर्गी म्हणेल, आली शेवटी थोरली वठणीवर. पुन्हा कळ उठली, तसं तिनं दात खाऊन बटण दाबलं.

डोक्यावरची घंटी गप्पच. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. उलट काही वाजेना. कमरेनं रडवलं नव्हतं, ते आता रडू फुटलं. दुर्गी ऐकून मुद्दाम गप्प बसली, दुसरं काय!

बऱ्याच वेळानं दार ढकललं गेलं. भिंती धरत दुर्गाबाई आत आली. पायात चप्पल नाही, डोईवर पदर नाही, कुठंतरी पडून गुडघा फुटलेला. थोरलीची घंटी लागोपाठ वाजली म्हणजे काहीतरी विपरीत घडलं, हे ओळखून उलट बटण दाबायला ती थांबलीच नव्हती. वाटेत भेटलेल्या जीपवाल्या तातेरावला तिनं जीप आणायला पिटाळलं होतं. जावेला उचलायची ताकद नव्हती, म्हणून ती फरशीवरच बसली अन् तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"इतके दिवस एकदा तरी वाजवायची व्हती, दुर्गे," गोजरबाई कण्हत म्हणाली. "मला वाटलं, मी नको झाले तुला."

दुर्गाबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"बाई, घंटी वाजवून साहेब शिपायाला बोलावतो. थोरल्या जावेला मी तसं बोलावू व्हय? तुम्ही कवा बोलावता, त्याचीच वाट बघून राह्यले व्हते. तुमची घंटी वाजंल अन् ऐकू येणार न्हाई, म्हणून दुपारची निजलेसुद्धा न्हाई कधी."