दूत रडला नाही

गेल्या नोव्हेंबरात, स्पर्धेच्या प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना, आमच्या नाटकात दूताचं काम करणाऱ्या बाईंनी रडायला नकार दिला.

नाटक दिग्दर्शकानेच लिहिलं होतं, प्राचीन ग्रीक शोकांतिकेच्या रीतीने. त्या रीतीत मृत्यू सहसा रंगमंचावर दाखवत नाहीत. तो आत घडतो आणि दूत बाहेर येऊन सांगतो. ऐकायला कोरस असतो, म्हणजे एका सुरात बोलणारे गावकरी. त्या नऊ जणांत मी होतो. तालमी नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत संध्याकाळी होत. या बाई तिथल्याच साडीच्या दुकानात कामाला होत्या. घरचा हातमाग बंद पडलेला. तालीम संपली की उमरेडची एसटी.

त्या दिवशी त्यांनी राजपुत्राच्या मरणाची बातमी हात न हलवता, सावकाश सांगितली. दिग्दर्शकाने तालीम थांबवली.

“राजाचा पोरगा मेला न वं, अन् तू बस चुकल्यासारखी सांगून राहिली!”

“बस चुकली त ती आपल्यालेच रडवते, सर,” कोरसमधून एकजण म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. “तुम्हीच म्हणले, तिकडे मुखवटे घालत. मुखवट्यातलं रडणं कोणाले दिसत असन?”

“तिथं परीक्षक नव्हते.”

हे चूक होतं. अथेन्सच्या नाट्योत्सवातही स्पर्धा असे आणि परीक्षक असत. आम्ही कोणी दुरुस्त केलं नाही. दिग्दर्शकाने कोरसमधल्या कॉलेजच्या मुलीकडे बोट केलं. तिला दूताचं भाषण पाठ होतं आणि तिचे डोळे हुकमी भरून येत. “शनिवारपर्यंत रडली नाही, त दूत हिले देतो.”

चहाच्या वेळी मी त्यांना कारण विचारलं.

“बाबा खाणीत वारले तवा एक माणूस घरी आलता. चपला काढल्या, उभाच राहिला. माय मागावर होती. त्यानं सकाळच्या पाळीपासून सांगतलं. किती वाजता उतरले, संग कोण होतं, दरड कुठून आली. मंग म्हणला, गेले. तो रडत आला असता, त मायले काहीच समजलं नसतं.”

नंतर उमरेडला मी हे त्यांच्या आईकडून पडताळून घेतलं. बाकी तपशील जुळले. चपलांचं आईंना आठवत नव्हतं.

शनिवारी बाई आल्या, बॅग खिडकीत ठेवली आणि दिग्दर्शकाला म्हणाल्या, “सर, मी तसंच करते. मंग तुम्हाले जे करायचं ते करा.”

त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. रथ कधी निघाला, वाट कुठे वळली, घोडे कशाने बुजले. शेवटी मृत्यू. त्यापुढे आमची ओळ होती. ती नऊ जणांपैकी कोणीही घेतली नाही. कॉलेजच्या मुलीनेही नाही.

“ओळ घ्या न गा!” दिग्दर्शक ओरडला. मग वही मिटून म्हणाला, “राहू द्या. प्रयोगातबी ओळ एवढं थांबूनच घ्या.”

स्पर्धेत नाटक पुढच्या फेरीत गेलं नाही. अभिनयाच्या बक्षिसांत आमच्यापैकी कोणाचंही नाव नव्हतं. निकालानंतर दोन प्रयोग झाले, एक नागपुरात, एक उमरेडला. स्पर्धेतल्यासारखंच दोन्हींतही दूत त्याच बाई होत्या.