वहीतलं शेवटचं पान

"या मावशींना स्वतःला काही कळत नसतं हं. या नुसत्या बोलतात. अर्थ आपण शोधायचा."

मेडम माइकवर असं म्हणाल्या. हॉल भरलेला होता. माणसं हसली. वाईट नाही हसली, प्रेमानं हसली. तेच जास्त लागलं. मी दारापाशी गुलाबदाणी घेऊन उभी होते, आईची नऊवारी नेसून. मेडम वाचत होत्या ते कागद माझ्या वहीवरून उतरवलेले होते.

नीट सांगते. मी मैसूरचीच. आमचे पणजे इथं कधी आले कुणाला ठाऊक नाही. घरात मराठी, दार ओलांडलं की कन्नड, भांडण लागलं की दोन्ही. शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. नवरा नजरबादला एका कचेरीत अटेंडर होता, तो गेला. मराठी लिहायला शिकले ती माझ्या मुलीच्या, सुमाच्या, हिंदीच्या पुस्तकावरून. त्यात ळ नव्हता, मग कन्नडातलाच घातला. चाललं. वाचणारी मीच होते ना.

गोकुलमला या मेडमच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाक केला. त्या पुण्याकडच्या, साहेबांच्या नोकरीपायी आलेल्या. दिवाळीला साडी द्यायच्या, खोटं कशाला बोलू. "मावशी, किती गोड मराठी हो तुमचं," म्हणायच्या. गोड. चहाचा कप मात्र वेगळा, सिंकखाली.

एक दिवस मी कणीक मळत होते, तर विचारलं, "मावशी, माणसानं आस लावली आणि कुणी ती मोडली, तर तुमच्याकडे काय म्हणतात हो? मराठी मंडळात बोलायचंय मला, निराशेच्या शब्दांवर."

तुला काय येतं, असं या वयापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. हात कणकेत तसेच, आणि मी सांगत सुटले. खट्टू पोरं होतात, पंगतीत जिलेबी आपल्यापर्यंत येता येता संपली की. संध्याकाळपर्यंत विसरतात. हिरमुसणं त्याच्या पुढचं, दोन दिवस तोंडावर राहतं. मन विटलं म्हणजे माणूस समोर आहे, पण त्याच्याकडून आता काही नको. "आणि बेजार तर आम्ही सगळ्यालाच म्हणतो मेडम, कन्नडासारखं. बस चुकली तरी बेजार, नवरा मेला तरी बेजार."

मेडम हसल्या. फोनवर टेप केलं. "आणखी आहेत?"

"वही आहे," मी म्हटलं.

आणि वही दिली. ही माझी चूक.

ती वही मी कुणाला दाखवली नव्हती. ज्या बाईच्या तोंडून जो शब्द ऐकला तो, आणि का बोलली ते. आई, सासू, शेजारची अक्का. शेवटच्या पानावर सुमा.

सुमाला सरगूरला दिली. पोटुशी होती, सातव्या महिन्यात तिचा फोन आला, "अम्मा, बरं वाटत नाही गं. आजच ये." त्या दिवशी मेडमकडे मंडळाची पंगत होती, चाळीस पानं. मी विचारलं, जाऊ का. मेडम म्हणाल्या, "आजच? मावशी, आज मला तोंडघशी पाडणार का तुम्ही?"

नाही पाडलं. पुरण वाटत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मूल गेलं होतं. सुमा भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, "आता कशाला आलीस. वाट बघून बघून माझं मन मेलं." तेव्हापासून तीन वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. आणि मी परत त्याच ओट्यापाशी कामाला गेले. हेही लिहायला हवं.

सगळं त्या पानावर होतं. पंगत, पुरण, मेडमचं वाक्य. खाली मी लिहिलं होतं: मन मरणं म्हणजे दारात पाऊल वाजलं तरी उठून न बघणं.

मग मेडम म्हणाल्या, "कार्यक्रमाला या हं मावशी. नऊवारी नेसून या." मला वाटलं, स्टेजवर बोलावणार. खरंच वाटलं. मी रोजची सहावारी नेसणारी, आठ दिवस आईचं लुगडं नेसायला शिकले. दोन वाक्यं पाठ केली: नमस्कार, हे शब्द माझ्या आईचे आणि सासूचे. तिथं गेले तर हातात गुलाबदाणी दिली. "दारातच उभ्या राहा. काय ओरिजिनल दिसताय."

जिलेबीला माणसं हसली. मग शेवटचं पान आलं. मेडम वाचायला लागल्या, "एक गरोदर मुलगी आईची वाट बघते. आई येत नाही. का येत नाही? ठाऊक नाही. पण शब्द बघा काय सुंदर आहे. मन मेलं."

टाळ्या.

का येत नाही ते वहीत लिहिलं होतं. तेवढंच त्यांनी गाळलं.

कुणीतरी विचारलं, हे मिळवलं कुठून. तेव्हा त्या ते म्हणाल्या, या नुसत्या बोलतात. आणि मला हाक, "या मावशी, वर या. एकदा म्हणून दाखवा, तुमच्या त्या टोनमध्ये."

गुडघे धरत पायऱ्या चढले. माइक तोंडापुढे आला.

"बेडा, मेडम," मी म्हटलं. कन्नडच आलं तोंडात. मग मराठीत म्हटलं, "नको. मला अर्थ कळतो. ती मुलगी माझी. न गेलेली आई मी. का गेले नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या पंगतीचं पुरण वाटत होते. माझी वही द्या."

पुढच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, यांना पेढा द्या, बसवा कुठंतरी." मेडमनी माइकवर हात ठेवला. "मावशी, इथं सीन नको. वही घरी आहे."

घरीही नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "टाइप झाल्यावर रद्दीत गेली बहुतेक. सॉरी हं. प्रिंट देते ना." प्रिंटवर वर त्यांचं नाव. आत पुरण नाही, पंगत नाही.

प्रिंट ओट्यावर ठेवली. त्यांच्या घराची किल्ली तिच्यावर ठेवली. उद्यापासून येत नाही म्हटलं.

"अकरा वर्षांनी असं? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, मावशी."

"खट्टू झालात मेडम," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत जाईल."

आता नवी वही केली आहे. आधीचं निम्मं आठवत नाही. आईचे किती शब्द रद्दीबरोबर गेले कुणास ठाऊक, ते आता कुणीच देणार नाही. पहिल्या पानावर मात्र सुमाचंच लिहिलं. ह्या वेळी मेडमच्या वाक्याखाली माझंही एक वाक्य आहे: मला 'नाही' म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही. छापणाऱ्यानं माझा कन्नड ळ बदलला तर बदलू दे. हे वाक्य बदलायचं नाही.

दर रविवारी सरगूरची बस धरते. सुमा दार उघडत नाही. पायरीवर बसते, शेवटच्या बसनं परत येते. ती उघडेल असं मला वाटत नाही. पावलं वाजली तरी ती उठणार नाही, हे मीच लिहून ठेवलं आहे.

पावलं मी वाजवणार.