सोमवारची गोळी

"गोळीनं उपास मोडत न्हाई," असं म्हणत आक्का दर सोमवारी गुडघेदुखीची गोळी कोऱ्या चहाबरोबर गिळायची. पोट रिकामं. अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेल, बघा.

सांगलीत हळदीच्या गोदामात आम्ही शेजारी बसून हळद निवडायचो. तिचा हात भराभर चाले, तोंड त्याहून भराभर. पोटात जळायला लागलं की म्हणायची, "मिरची बाधली, उतरंल." मिरची बिचारी उगाच बदनाम झाली. एका सोमवारी तिला काळसर रक्ताची उलटी झाली आणि ती पोत्यावर कलंडली. मीच रिक्षात घातली.

दवाखान्यात पोटात दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. जठराच्या अस्तराला जखम, भोवती लालभडक सूज. म्हणाल्या, "आत जंतू आहेत. वर उपाशीपोटी गोळ्या, त्यांनी अस्तर सोललंय. तुमच्या रक्तातले शिपाई जंतूंशी लढतायत, पण जंतू चिवट. लढाई लांबली, म्हणून ही सूज. पुन्हा रक्त गेलं तर जिवावर बेतेल."

आक्काचा नवरा फौजेतला, घरात तीच भाषा. ती म्हणाली, "मग कुमक धाडा की! शिपाई काय नुसत्या हातानं लढणार?"

"धाडते. जंतूंचं औषध शेवटपर्यंत घ्यायचं, जेवून. गुडघ्याची गोळी बंद."

थोड्याच दिवसांत जळजळ थांबली आणि सोमवार आला. मला वाटलं, आता ही उपास धरणार, औषध बुडवणार. तिनं डबा उघडला आणि दुधात भाकरी कुस्करली.

"आगं आक्का, उपास?"

"देवाला सांगितलंय, आतली पोरं लढत्यात. त्यास्नी उपाशी कसं ठिवू? तुला काय अडचण हाय?"

गुडघे छळत होतेच. ती स्टुलावर बसून हळद निवडायला लागली. बाया "राणीसरकार" म्हणून चिडवायच्या. "मग मुजरा करा," म्हणायची. गोळी मात्र घेतली नाही.

औषध संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जंतू गेलेले. जखम भरलेली, वर नवं गुलाबी अस्तर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू हटल्यावर तुमच्या शरीरानंच हे भरून काढलंय."

आता आक्का लेकीकडे कोरेगावला असते. तिच्या जागी आलेली बाई कामाला बरी आहे, बोलायला नाही. मला दिसते ती त्या दिवशीची आक्का. पदर खोचून, हातात नव्या अस्तराचा फोटो धरून, दवाखान्याच्या बाकावरच्या अनोळखी माणसांना दाखवत फिरणारी.

"आवं, बघा तर! जिकलो आमी!"