कमानीवरची दगडी पानं

प्रणोती खानझोडे ओमती भागातल्या एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिचे वडील शालिग्राम रेल्वेतून निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर गेली.

एकदा दोघं रिक्षानं छावणीतल्या जुन्या चर्चवरून चालले होते. त्या गॉथिक इमारतीच्या टोकदार कमानीवर दगडात कोरलेली वेल आहे. नोकरीत असताना शालिग्राम रोज सायकलवरून ती बघत जायचे.

"पानं आहेत ना गं अजून?" त्यांनी विचारलं.

"अर्धी झडली, बाबा."

"जवळून पाहायची राहूनच गेली."

प्रणोतीला ते लागलं. रविवारी ती पाद्रीबाबांची परवानगी घेऊन शिडीवर चढली. "दीदी, सँभल के," म्हणत त्यांनी शिडी धरली. दातांचा ठसा घ्यायचा गुलाबी लगदा तिनं एकेका पानावर दाबला आणि घरी त्या ठशांत प्लास्टर ओतलं. झडलेली पानं कमानीच्या दुसऱ्या बाजूची बघून हातानं घडवली. असे कितीतरी रविवार गेले.

कमानीचा नमुना तयार झाल्यावर शालिग्रामांनी त्यावरून बोटं फिरवली. हातानं केलेल्या पानांवर बोटं थांबली.

"हे काहून असं गुळगुळीत? दातासारखं वाटून राहिलं."

प्रणोतीला हसू आलं. तिनं ती पानं पुन्हा केली, या वेळी छिन्नीच्या खुणांसकट.

दुसऱ्यांदा चाचपताना शालिग्रामांची बोटं एका पानाखाली अडकली. तिथला फुगवटा म्हणजे दगडातला दोष, असं समजून प्रणोती तो घासूनच टाकणार होती.

"अगं, ही गोगलगाय आहे! शिंगं लागतात बघ हाताला."

खरंच होती. कुण्या कारागिरानं ती पानाआड कोरून ठेवली होती, खालून कुणाला दिसली नव्हती. पाद्रीबाबा तर ती बघायला त्याच संध्याकाळी घरी आले. पुढच्या रविवारी त्यांनी नमुना चर्चमध्ये मांडला. लोकांनी रांग लावून गोगलगाईवर बोट फिरवलं, आणि झडलेली पानं पुन्हा दगडात करून घ्यायचं तिथंच ठरलं.

आता भेडाघाटचे एक मूर्तिकार प्रणोतीच्या प्लास्टरवरून पानं कोरतात. पहिलं पान बसवायच्या आधी त्यांनी ते शालिग्रामांच्या हातात दिलं. त्यांनी कडा चाचपल्या, शिरा चाचपल्या.

"चलो, लावा," ते म्हणाले.

प्रणोती आता चर्चच्या गोल खिडकीचे ठसे घेतेय. शालिग्राम खाली उभे राहून शिडी धरतात.