मंदी येऊन राह्यली

परतूरला आमच्या शेजारी एक कापड दुकानदार राहायचे. भेटले की नमस्काराआधी मंदी. "सर, आजोबाच्या काळात आल्ती तशी पुन्हा येणार. तवा कापूस कुणी फुकट नेत न्हवतं." मी नवी स्कूटर घेतली, तर पेढा चघळत म्हणाले, "बराबर केलं. पण मंदी येऊन राह्यली, बरं का." त्यांना चुकवायला मी मागच्या गल्लीने शाळेत जाऊ लागलो.

एका वर्षी जालन्यातले लोखंडाचे कारखाने खरंच थंडावले. तिथे कामाला गेलेली आमच्याकडची पोरं परत आली आणि स्टेशनबाहेर नुसती बसू लागली. आता हे "म्हणलं न्हवतं का?" करत येणार, म्हणून मी दात-ओठ खाऊन तयार होतो. ते आले नाहीत. एका सकाळी धडाधड आवाज आला. त्याच पोरांकडून ते आपली धडधाकट कुंपणाची भिंत पाडून घेत होते. आमच्या गच्चीवरच्या कुरडया धुळीने भरल्या.

मी तणतणत गेलो. "शेठजी, चांगली भिंत कशाला पाडता?"

"पुन्हा बांधायला. सगळ्यांनीच हात आखडला, तर मंग मंदी जाईन कशी?"

"मग इतकी वर्षं आम्हाला भीती कशाला घातली?"

"तुम्हाला कुठं? मीच भेत होतो, सर." मग आमच्या घराकडे पाहत म्हणाले, "तुमची भिंत बी जुनीच दिसून राह्यली."

मी हात जोडून घरी आलो. बायको कुरडया झटकत होती. वर न बघता म्हणाली, "आपल्या न्हाणीची भिंत तशी ओल धरतेच."