कवळीवाल्या बाईंनी कापलेलं गॅस्केट

बाईंचा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या हिरड्यांचा ठसा पाठवत, बाई त्यावरून आधी मेणाची आणि मग पक्की कवळी करून देत. छत्तीस वर्षं हेच केल्यामुळे रस्त्यात कुणी हसलं की त्या आधी दात बघायच्या आणि माणूस मागाहून ओळखायच्या. त्यांचे यजमान दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत, म्हणून त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. उतारवयात लोक बागकाम करतात, पत्ते कुटतात. काटेवाल्यांनी विमान बांधायला घेतलं.

थट्टा नाही, खरंखुरं, दोन माणसांचं विमान. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं ते चाललं होतं. त्याला त्यांनी एका जुन्या मोटारीतलं रोटरी इंजिन लावायचं ठरवलं. या जातीच्या इंजिनात पिस्टन वरखाली धावत नाहीत, तिकोनी गाभे आतल्या आत गरगर फिरतात. काटेवाल्यांनी ते शेवटच्या वॉशरपर्यंत सुटं केलं, धुतलं, मोजलं आणि पुन्हा जोडलं. प्रत्येक माप वहीत. बाई संध्याकाळी लॅब बंद करून त्यांच्या हाताखाली राबत, आणि त्यांना ते आवडायचं.

इंजिन शेडबाहेरच्या लोखंडी चौकटीवर चढवून सुरू केलं तेव्हा दोघं टाळ्या पिटत होते. वीस मिनिटांनी इंजिन तापलं आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. खाली म्हणजे अगदी तळाशी. तेलाचा दाब पडला की आतली बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होतं. मोटार रस्त्यात बंद पडली तर माणूस चार शिव्या देऊन उतरतो. विमानाचं तसं नाही. पहिलं उड्डाण करायला कबूल झालेला त्यांचा मित्र, शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवून निवृत्त झालेला कप्तान, त्याने खिशातून लाल पेन काढून त्या डायलवर रेघ मारली आणि सांगितलं, "इंजिन तापल्यावर काटा याच्या वर राहिला तर मी बसतो. नाहीतर आपली मैत्री जमिनीवरच बरी."

पुढचा महिना त्या रेघेपायी गेला. काटेवाल्यांनी पहिला संशय काट्यावरच घेतला, कारण काटे खोटं बोलतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुसरा डायल लावला, तिसरा लावला. तिन्ही एकच सांगत होते. मग दाट तेल घालून पाहिलं. दाब राखणारी झडप बदलली. तेल ओढणारी नळी हवा खेचते का ते बघितलं, कूलर धुतला. इंजिन थंड असताना काटा दिमाखात वर, तापलं की रेघेच्या खाली. बाहेर तेलाचा एक थेंब गळत नव्हता.

शेवटी त्यांनी खापर फोडलं ते स्वतःच्या हातांवर. वर्षभरापूर्वी उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढणार हेही सांगून टाकलं. इंजिन जोडलं तेव्हा हात थरथरतच होते. म्हणजे आत कुठेतरी त्या हातांनी बेअरिंग खरवडलं असणार, काहीतरी वाकडं बसवलं असणार. हे एकदा डोक्यात बसलं आणि माणूस खचला. त्यांनी दाढी करणं सोडलं, गाडी चालवणं सोडलं. सही करायची वेळ आली की कागद बाईंकडे सरकवायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, शिक्षा झालेल्या मुलासारखे. बाईंना ते बघवत नसे.

असे चार महिने गेले आणि एक दिवस त्यांनी बाईंना तंत्रशाळेला पत्र लिहायला लावलं. विमान शोभेला ठेवा, इंजिन मुलांना उघडून बघायला द्या. पत्राखाली सहीसुद्धा बाईंनीच केली. शाळेचा ट्रक गुरुवारी सकाळी येणार असं ठरलं.

सोमवारी बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. "अहो, एकदा समोरचं झाकण तरी उघडून बघू."

"कोण उघडणार? ज्या हातांनी बिघडवलं तेच?"

"मी उघडते."

"तू दात बसव," काटेवाले म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बाई वही घेऊन शेडमध्ये गेल्या. रिकाम्या स्टुलावर बसून त्यांनी पहिल्यापासून पानं उलटली. तेल बाहेर गळत नाही, कमीही होत नाही, मग दाब जातो कुठे? आतल्या आतच कुठून तरी तेल परत टाकीत पडत असणार. हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. कवळी दिसायला अगदी देखणी असते, पण कडेला केसभर फट राहिली की टाळूला धरत नाही, बोलताना सुटते. फट शोधायची ती कडेला, हे त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. वहीत एका पानावर समोरच्या झाकणाची आकृती होती. इंजिनातलं तेल जिथून झाकणात जातं तिथे एक रबरी कडं, आणि झाकणाच्या सगळ्या कडेने फट बुजवणारं कागदी गॅस्केट. झाकण आवळलं की कडं दाबलं जायचं आणि तेलाची वाट बंद व्हायची. त्या ओळीसमोर इतर सगळ्या ओळींसारखं माप नव्हतं. फक्त लिहिलं होतं: गॅस्केट हिने कापलं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. सामानाबरोबर आलेलं गॅस्केट घडी पडून फाटलेलं निघालं होतं, म्हणून त्यांनी नवं कापलं होतं. कागद दोन जाडीचे मिळत होते. त्यांनी जाड घेतला. त्यांच्या धंद्यात नेहमी थोडं जास्त ठेवायचं असतं, मागाहून घासून कमी करता येतं. इंजिनात मागाहून कोण घासणार? आपलं चुकलेलं असू नये असं त्यांना वाटत होतं, आणि चुकलेलं असावं असंही वाटत होतं, कारण तसं झालं तर त्या हातांची सुटका होणार होती.

मंगळवारी त्यांनी कप्तानाला बोलावलं. "वहिनी, त्याला सांगितलंय का?" कप्तानाने विचारलं.

"काय सांगायचं ते आधी मला कळू दे."

मधला मोठा बोल्ट सोडण्याआधी इंजिन उभं करायचं, नाहीतर आतलं बेअरिंग जागचं सरकतं, असं वहीत होतं. त्यांनी साखळीच्या कप्पीने इंजिन तोंड वर करून टांगलं. पंखा, पुली, खालची तेलाची टाकी, सगळं वहीबरहुकूम काढायला दुपार झाली. झाकण निघालं. आत सगळं स्वच्छ होतं, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. कडं त्याच्या जागी अगदी सरळ बसलेलं होतं. थरथरत्या हातांनी ते नववधूसारखं अलगद बसवलं होतं.

बाईंनी कडं काढून त्या खाचेत आपल्या डब्यातलं गुलाबी मेण भरलं, तेच गॅस्केट ठेवून झाकण पुन्हा पुरतं आवळलं, आणि उघडलं. दबलेलं मेण ब्लेडने उचलून मोजलं; त्याची जाडी म्हणजे कड्याला उरलेली जागा. मग कडं मोजलं. दोन्ही जवळजवळ सारखी. म्हणजे कडं नुसतं टेकत होतं, दाबलं जात नव्हतं. थंड, दाट तेल तिथे अडायचं. तापून पातळ झालं की निसटायचं. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड होतं.

"सापडलं की!" कप्तान ओरडला. बाई खाली बसल्या आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागल्या. त्या बिचाऱ्याला काही कळेना.

बुधवारी सकाळी त्यांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या: मेण, कडं आणि गॅस्केट. "तुमच्या हातांनी काही बिघडलेलं नाही. हे मी बिघडवलंय." आणि सगळं सांगून टाकलं.

काटेवाल्यांनी मांड्यांखालचे हात काढले. मायक्रोमीटर मागितला. मेण मोजताना त्यांचा अंगठा लटलट हलत होता. त्यांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकच आकडा आला. मग कडं मोजलं, मग गॅस्केट.

"चार महिने," ते म्हणाले. आवाज चढला. "चार महिने मला चहाचा कप उचलायची लाज वाटत होती! पाहुण्यांसमोर जेवलो नाही मी!"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे तुला?" त्यांनी टेबलावर हात आपटला, मेणाचा तुकडा उडाला. चाळीस वर्षांत ते बाईंवर असे ओरडले नव्हते. बाईंनी मान खाली घातली. ओरडणं हक्काचं होतं.

मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सगळं मोजलं मी. वॉशरसुद्धा मोजले. तू केलेलं तेवढं मोजलं नाही. तुझ्या हातचं मी कधी मोजतच नाही."

बाई उठल्या आणि पातळ कागद घेऊन आल्या.

दिवसभर दोघं फक्त आकडे बोलले. बाईंनी गॅस्केट कापलं, काटेवाल्यांनी ते सहा ठिकाणी मोजलं. कडं नवं घातलं. बोल्ट आवळताना बाईंनी पाना पुढे केला तर त्यांनी तो ओढूनच घेतला. ठरल्या जोराला पाना टक्क आवाज करतो, हात थरथरो वा न थरथरो. संध्याकाळपर्यंत पंखा चढला होता.

गुरुवारी सकाळी कप्तानासमोर इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं झाली. बाईंना काट्याकडे बघवेना, त्या यजमानांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तीस मिनिटं झाली, चाळीस झाली. काटा थोडा उतरला आणि लाल रेघेच्या बराच वर थांबला, तो तिथेच राहिला. कप्तानाने रेघेवर अंगठा टेकवला. "मी बसतो," तो इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडला, "आणि दुसऱ्या फेरीला तू माझ्या शेजारी."

इंजिन बंद केलं तेव्हा फाटकाशी शाळेचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर हातात कागद घेऊन आत आला. "काय काय भरायचंय?"

"काही नाही," काटेवाले म्हणाले.

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. "मग इथे लिहून द्या, माल दिला नाही म्हणून. सही लागेल."

त्याने पेन पुढे केलं. चार महिन्यांच्या सवयीने बाईंनी हात लांबवला, पण पेन काटेवाल्यांनी घेतलं. हात कालच्यासारखाच थरथरत होता, उद्याही थरथरणार होता, पुढल्या वर्षी याहून जास्त. कागद ट्रकच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही करायला लागले. पहिलंच अक्षर चौकटीबाहेर गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या आजोबा, नुसता अंगठा चालेल."

"थांब जरा," काटेवाले म्हणाले. "पूर्ण नाव लिहितोय."